कंपनी आपली, विवरणपत्रही आपलंच

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर लागतं. रस्त्यालगत एमआयडीसीच्या शेड, आत शिवारात ऊस आणि डाळिंब, उत्तरेला उजनीचा फुगवटा. दिवाळीच्या आगेमागे या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडते, बागांमधल्या कामांना उसंत नसते. याच दिवसांत इंदापूर, बारामती, भिगवणच्या सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसांत आणखी एक हंगाम भरात असतो. तो महामार्गावरून दिसत नाही. अशिलांच्या वतीनं कंपन्यांची वार्षिक विवरणपत्रं ऑनलाइन भरण्याचा हा हंगाम.

त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद ‘एओसी-४’ या फॉर्ममधून आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र ‘एमजीटी-७’ किंवा लहान कंपन्यांसाठीच्या ‘एमजीटी-७ए’ या फॉर्ममधून कंपनी निबंधकाकडे जावं लागतं. सभा सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी घेतली, तर पहिली मुदत ऑक्टोबरअखेर संपते आणि दुसरी नोव्हेंबरअखेर. दिवाळी नेमकी या दोन मुदतींच्या आसपास येते. सल्लागाराच्या ऑफिसात फराळाचा डबा आणि अशिलाच्या बिलांची पिशवी एकाच आठवड्यात पोचते.

पूर्वी हा विषय एमआयडीसीतल्या उद्योजकांपुरता होता. आज तो बांधावर आला आहे, कारण शेतकरी स्वतः कंपन्यांचे मालक झाले आहेत. म्हणूनच त्याबद्दल शेतकऱ्यांशी, त्यांच्या संचालकांशी आणि त्यांचं काम करणाऱ्या सल्लागारांशी मोकळेपणानं बोलायला हवं.

सहकाराच्या मुलखात कंपनी

बारामती आणि इंदापूर हा सहकाराचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांच्या वार्षिक सभा इथल्या माणसाला नव्या नाहीत. सभेआधी अहवाल घरपोच येतो, मंडप पडतो, विषयपत्रिकेवरून वाद होतात, कुणी माइक धरून ठेवतो, कुणी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो. सभासद म्हणजे काय आणि हिशेब विचारायचा म्हणजे काय, हे इथल्या तीन पिढ्यांनी अशा मंडपांतच शिकून घेतलं.

कंपनीही इथं अगदी नवी नाही. इंदापूर तालुक्याच्या मातीत वाढलेली वालचंदनगर इंडस्ट्रीज १९०८ साली स्थापन झालेली कंपनी आहे. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी मात्र अलीकडची. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५६ च्या कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि ‘उत्पादक कंपनी’ हा प्रकार फेब्रुवारी २००३ पासून लागू झाला. पुढे २०१३ च्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आलं, ते फेब्रुवारी २०२१ पासून अमलात आहे. किमान १० उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी काढता येते. संचालक ५ ते १५. शेअर कितीही असोत, वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत प्रत्येकाला एकच मत. म्हणजे सहकाराचा आत्मा आणि कंपनीची शिस्त, असा हा मेळ आहे.

मार्च २०१९ अखेर देशात ७,३७४ उत्पादक कंपन्यांची नोंद झाली होती आणि त्यांत महाराष्ट्र सगळ्यांत पुढे होता. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली, तेव्हा हा वेग आणखी वाढला. गावोगावी कंपन्या उभ्या राहिल्या. डाळिंब, द्राक्ष, केळी, दूध, बियाणं, खतविक्री, गोदाम असे त्यांचे विषय. उद्घाटनाला फीत कापली गेली, फोटो झाले, बोर्ड लागला.

इथं एक फरक कुणी नीट समजावून सांगितला नाही. सहकारी संस्थेचा सहायक निबंधक तालुक्याला बसतो. संस्थेचा सचिव त्याच्याकडे जाऊन येतो, चूक झाली तर तोंडी कळतं. कंपनीचा निबंधक, ज्याला सगळे ‘आरओसी’ म्हणतात, तालुक्याला नाही. आपल्या भागासाठीचं त्याचं कार्यालय आकुर्डी रेल्वे स्टेशनजवळ आहे आणि व्यवहार सगळा पोर्टलवर. त्या पोर्टलवर आपलं कुणी पाहत नाही असं वाटत राहतं. प्रत्यक्षात तिथं प्रत्येक दिवस मोजला जातो.

एका विवरणपत्राचा प्रवास

‘एमसीए-२१’ हे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल २००६ साली सुरू झालं. त्याआधी कागदांचे गठ्ठे घेऊन पुण्याला जावं लागे. आता इंदापुरात बसून काम होतं, ही मोठीच सोय. फक्त ‘काम होतं’ म्हणताना त्यात काय काय येतं, ते एकदा जवळून बघितलं पाहिजे.

सुरुवात हिशेबापासून. वर्षभराची बिलं, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट यांवरून संगणकावर खतावणी होते. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर असं असावं लागतं, की एखादी नोंद बदलली तर ती कधी आणि काय बदलली याचा माग राहतो. मार्च उलटल्यावर जुन्या तारखांच्या नोंदी गुपचूप फिरवण्याचे दिवस गेले. मग लेखापरीक्षण होतं. सीएच्या अहवालावर १८ अंकी ‘यूडीआयएन’ क्रमांक येतो. तो क्रमांक सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून सही खरी आहे की नाही, हे कुणालाही तपासता येतं. संचालक मंडळ हिशेब मंजूर करतं. सभेच्या किमान १४ दिवस आधी सभासदांना नोटीस जाते. तिच्यासोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि तपासलेले हिशेब असावे लागतात. सभा होते. इतिवृत्त लिहिलं जातं.

एवढं सगळं झाल्यावर पोर्टल उघडतं. सल्लागार कंपनीचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांक टाकतो. या क्रमांकात कंपनीची जन्मपत्रिकाच असते. पहिलं अक्षर ‘यू’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही आणि ‘एल’ असेल तर नोंदलेली आहे. पुढचे पाच अंक धंदा सांगतात. नंतरची दोन अक्षरं नोंदणी कुठली ते दाखवतात आणि पुण्याच्या कार्यालयात नोंदलेल्या बऱ्याच कंपन्यांना तिथं ‘पीएन’ दिसेल. मग स्थापनेचं साल, कंपनीचा प्रकार आणि सहा अंकी नोंदणी क्रमांक. उत्पादक कंपनी कायद्यानं खासगी मर्यादित कंपनीसारखी धरली जाते, पण तिला २०० सभासदांची मर्यादा लागत नाही.

ही मर्यादा नसणं म्हणजेच सल्लागाराची खरी कसोटी. शहरातल्या दोन भावांच्या कंपनीत भागधारक दोन. शेतकऱ्यांच्या कंपनीत तीनशे, पाचशे, हजार. विवरणपत्रात सगळ्यांची यादी द्यावी लागते. एखादा सभासद वारला, त्याचे शेअर मुलाच्या नावावर झाले का? एखाद्या वहिनींचं नाव आधारवर एक आणि शेअर दाखल्यावर दुसरं आहे का? भाग भांडवलाची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी जुळते का? ती जुळली नाही की संध्याकाळ तिथंच जाते.

जुलै २०२५ मध्ये एओसी-४ आणि एमजीटी-७ हे दोन्ही फॉर्म पोर्टलच्या तिसऱ्या आवृत्तीवर नव्या रूपात आले. नव्या विवरणपत्रात नोंदणीकृत कार्यालयाचे अक्षांश-रेखांश आणि बाहेरून घेतलेला फोटो मागितला जातो, फोटोत कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. शेतकऱ्यांच्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय बऱ्याचदा अध्यक्षांच्या घरातली ओसरी किंवा खताच्या दुकानाचा माळा असतो. तिथं पाटी नसेल, तर फोटोसाठी धावाधाव होते. खरं म्हणजे पाटी लावणं कायद्यानं आधीपासूनच बंधनकारक आहे आणि ती स्थानिक भाषेतही हवी. म्हणजे लोणी देवकरच्या कंपनीची पाटी मराठीतही असली पाहिजे.

शेवटी डिजिटल सही. संचालकाची, आणि गरज असेल तिथं सीए किंवा कंपनी सेक्रेटरीची. ती लागली की फॉर्म चढतो, चलन भरलं जातं, ‘एसआरएन’ नावाचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक ही पोच.

२०२५ साली नवे फॉर्म आणि मुदत एकदमच अंगावर आल्यानं देशभरातल्या व्यावसायिकांची तारांबळ उडाली. ऐन दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबरला, मंत्रालयानं जादा शुल्काशिवाय फॉर्म भरण्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सभेची तारीख मात्र वाढली नव्हती. फॉर्म उशिरा चालेल, पण सभा वेळेवर हवी, हा त्यातला अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शंभर रुपये रोज

आता पैशाचं बघू. अधिकृत भांडवल १० लाख रुपये असलेल्या कंपनीला एका फॉर्मचं मूळ शुल्क ४०० रुपये. दोन फॉर्मचे ८००. मुदतीत भरलं तर सरकारी खर्च एवढाच.

मुदत चुकली की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये. जुलै २०१८ पासून हा दर आहे आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्मचे दिवसाला २०० रुपये, वर्षाला ७३,०००. तीन वर्षांची विवरणपत्रं राहिली आणि शेवटच्यालाही वर्ष उलटलं, तर सगळ्यांत जुन्या वर्षाचे २,१९,०००, मधल्या वर्षाचे १,४६,००० आणि शेवटच्या वर्षाचे ७३,०००. एकूण ४,३८,००० रुपये. ३०० शेतकऱ्यांनी प्रत्येकी १,००० रुपये घालून कंपनी काढली असेल, तर तिचं वसूल भांडवल ३ लाख. म्हणजे एक रुपयाचा धंदा न करता, एक पोतं खत न विकता, केवळ दोन फॉर्म तीन वर्षं न भरल्यानं सगळ्या सभासदांचे पैसे जाऊन वर कर्ज होतं.

हे फक्त जादा शुल्क झालं. निबंधकानं कारवाई सुरू केली तर दंड वेगळा, कंपनीला आणि कसूरदार संचालकांना स्वतंत्र. उत्पादक कंपनीला हा दंड इतरांच्या निम्म्याहून अधिक नसावा, अशी सवलत कलम ४४६बी देतं. ही तरतूद अनेक संचालकांना माहीत नसते. नोटीस आली की घाबरून गप्प बसण्याऐवजी उत्तर देताना ती सांगितली पाहिजे.

त्याहून मोठा धोका संचालकपदाचा. सलग तीन आर्थिक वर्षांचे हिशेब किंवा विवरणपत्रं भरली नाहीत, तर कलम १६४(२) खाली संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. गावातल्या शिकलेल्या मुलाला कौतुकानं संचालक केलेलं असतं. पुढे तो एमआयडीसीत स्वतःचा उद्योग काढायला जातो आणि त्याचा संचालक क्रमांक बाद झाल्याचं त्याला तिथं कळतं. २०१७ साली सरकारनं देशभरात दोन लाखांवर कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले. त्यात बनावट कंपन्या होत्या, तशा निव्वळ अज्ञानानं मागे पडलेल्याही होत्या. नाव काढलेल्या कंपनीचं बँक खातं चालत नाही. नाव परत आणायचं तर मुंबईला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे जावं लागतं. वकील, तारखा, शिवाय सगळी थकलेली विवरणपत्रं आणि त्यांचं जादा शुल्क.

२०२० साली करोनाच्या काळात सरकारनं १ एप्रिल ते ३१ डिसेंबर जादा शुल्क माफीची योजना दिली होती. अनेकांनी त्या वेळी जुनं सगळं निस्तरलं. तशी योजना पुन्हा येईल म्हणून थांबून राहणं हा मात्र महागडा जुगार आहे.

विवरणपत्रं थकतात कशी, याचं उत्तर शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेच्या रचनेतच सापडतं. केंद्राच्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात. त्यातून मुख्य कार्यकारी अधिकारी आणि लेखनिकाचा पगार निघतो, सल्लागाराची फी निघते. ही मदत थांबली आणि धंदा अजून पायावर उभा राहिलेला नसला, की कात्री पहिल्यांदा लेखनिकावर येते. लेखनिक गेला की बिलं पिशवीत साठतात. बिलं साठली की लेखापरीक्षण रखडतं आणि शंभर रुपये रोज सुरू होतात.

ड्रॉवरमधल्या सह्या

डिजिटल सही एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते. ती लावायची म्हणजे टोकन आणि पिन. संचालक शेतात, टोकन सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्यावर चिकटवलेल्या कागदावर, असा प्रकार सगळीकडे चालतो. संचालकाला ते सोयीचं वाटतं आणि सल्लागाराला वेळेत काम उरकण्यासाठी दुसरा मार्ग दिसत नाही. विश्वासाचा संबंध असतो, हेही खरं.

पण हे कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवण्यासारखं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं, की डिजिटल सहीची गुप्त किल्ली ज्याच्या नावाची, त्यानंच ती आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी घ्यायची. उद्या त्या सहीनं काही भलतं दाखल झालं, तर ‘मला माहीत नव्हतं’ या उत्तरानं संचालक सुटत नाही. सल्लागारही सुटत नाही. विवरणपत्रात जाणूनबुजून खोटी माहिती देणं कंपनी कायद्याच्या कलम ४४८ खाली येतं आणि त्याला कलम ४४७ची, म्हणजे फसवणुकीची शिक्षा लागते. न झालेली सभा झाली म्हणून दाखवणारा फॉर्म भरणं ही किरकोळ तडजोड नाही.

मोबाइल क्रमांकाचंही तेच. २०१८ पासून संचालकांना केवायसी करावी लागते, मुदत चुकली तर ५,००० रुपये भरावे लागतात. तिचा ओटीपी संचालकाच्या मोबाइलवर आणि ईमेलवर येतो. ‘अण्णा, ओटीपी आला का? लवकर सांगा, दहा मिनिटांत संपतो,’ असा फोन लागतो, तेव्हा अण्णा मोटार चालू करायला विहिरीवर असतात आणि सिम बदलून महिना झालेला असतो. अनेक ठिकाणी म्हणून सगळ्या संचालकांचा ईमेल एकच, तोही सल्लागारानं काढलेला असतो. मग निबंधकाची नोटीस येते ती त्याच ईमेलवर. सल्लागार बदलला, की कंपनीला स्वतःच्याच नोटिसा मिळेनाशा होतात.

या सगळ्यात सल्लागारावर खापर फोडून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. तालुक्याच्या गावात बसून, माफक फीमध्ये, अर्धवट कागदांवरून आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत मंदावणाऱ्या पोर्टलवर हे लोक काम करतात. फी वेळेवर मिळत नाही आणि चुकलं की बोल मात्र लागतो. त्यांच्याकडून आपण टंकलेखन मागतो. खरं तर त्यांच्याकडून सल्ला घ्यायला हवा.

कोरम

या सगळ्या विषयाचं मूळ एका तरतुदीत आहे. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश सभासद हजर हवेत. नियमावलीत जास्त सांगितलं असेल तर जास्त. ४०० सभासदांच्या कंपनीला १०० माणसं, हजारांच्या कंपनीला अडीचशे. इतर खासगी कंपन्यांना दोन सभासदांत कोरम पुरतो. कायद्यानं शेतकऱ्यांच्या कंपनीवर मुद्दाम जास्त भार टाकला आहे. तिचे मालक सभेत प्रत्यक्ष दिसले पाहिजेत, हा त्यामागचा हेतू.

उत्पादक कंपन्यांसाठीच्या कलम ३७८झेडए प्रमाणे सभेचं कामकाज, संचालकांचा अहवाल, तपासलेला ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र सभेनंतर निबंधकाकडे पोचलं पाहिजे. क्रम बघा. आधी सभा, मग कागद. ज्या कंपनीची सभा खरोखर होते, हजेरीवर खऱ्या सह्या असतात, हिशेबावर चार प्रश्न विचारले जातात, तिचं विवरणपत्र भरणं सोपं असतं, कारण लिहायचं ते आधीच घडलेलं असतं. जिची सभा होत नाही, तिचा फॉर्म दरवर्षी अवघड होत जातो.

सहकाराच्या मंडपात जे आपण मोठ्या आवाजात करतो, तेच कंपनीत करायचं आहे. कंपनी म्हणजे इंग्रजी कागद, ते सीए बघतील, या समजुतीनं आपण आपला हक्क आपल्या हातानं सोडून देतो.

बंद करायची तरी रीतसर

काही कंपन्या चालणार नाहीत. त्यात लाज नाही. धंदा म्हटला की चालतो, बसतो. पण कंपनीला कुलूप लावून विसरणं हा तिला बंद करण्याचा मार्ग नाही. देणी फेडून, थकलेली विवरणपत्रं भरून, सभासदांचा विशेष ठराव किंवा तीन चतुर्थांश भांडवलाची संमती घेऊन ‘एसटीके-२’ हा अर्ज करता येतो. त्याचं शुल्क १०,००० रुपये. मे २०२३ पासून अशा अर्जांसाठी केंद्राचं स्वतंत्र कार्यालय काम करतं. दोन-चार वर्षांचं जादा शुल्क चढण्याआधी हा निर्णय घेतला, तर सभासदांचे पैसे आणि संचालकांची पत दोन्ही वाचतात.

या दिवाळीत एवढं करा

सभासदांनी कंपनीच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी मागाव्यात: यंदाच्या सभेची तारीख, एओसी-४ चा एसआरएन आणि एमजीटी-७ चा एसआरएन. मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या मूळ माहितीत शेवटची सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे कुणालाही पाहता येतं. घरात मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल, तर त्यांच्याकडून बघून घ्या. संचालकांनी आपलं टोकन आपल्या कपाटात ठेवावं, पिन कुणाला सांगू नये आणि सहीच्या दिवशी स्वतः जाऊन, फॉर्म वाचून सही करावी. ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच नोंदवावा. सल्लागाराची फी वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी आणि हिशेब एप्रिलमध्ये द्यावेत, सप्टेंबरमध्ये नव्हे. सल्लागारांनी सभा झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय फॉर्म भरू नये आणि तसं अशिलाला तोंडावर सांगावं.

मुदतीत भरलेल्या दोन फॉर्मला ८०० रुपये लागतात. न भरलेल्या दोन फॉर्मना रोज २०० लागतात. शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तो वेळेवर त्याच्यापुढे ठेवणं, हे संचालकांचं आणि सल्लागारांचं काम आहे.

सल्लागार आपल्या वतीनं फॉर्म भरू शकतो. आपल्या वतीनं सभेला बसू शकत नाही आणि आपल्या वतीनं जबाबदारही होऊ शकत नाही. कंपनी आपली असेल, तर विवरणपत्रही आपलंच आहे.